स्कीन्स, क्रोशे की सेल: बाराव्या आणि अठराव्या फेरीचा हिशोब

शनिवार, १५ मार्च २०२५. न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरात होळीच्या उरलेल्या पुरणपोळ्या तव्यावर गरम होत होत्या आणि टेबलावर भाच्याचा लॅपटॉप उघडा होता. रात्री बाराच्या आत त्याला त्याच्या फँटसी बेसबॉल लीगच्या कमिशनरला एक नाव कळवायचं होतं. समोर नावं तीन होती: पॉल स्कीन्स, गॅरेट क्रोशे आणि ख्रिस सेल. तिघेही पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. ठेवता येणार होता एकच.

"क्रोशे?" आई तव्याकडून म्हणाली. "सुईने विणतात तो?"

"नाही गं आजी, हा डावखुरा आहे. शंभर मैलांच्या जवळपास टाकतो."

"मग तोच ठेव. नाव तरी घरातलं आहे."

पुढे तीन तास जे झालं त्यापेक्षा हा सल्ला फारसा वाईट नव्हता. हे प्रकरण मी लिहून ठेवतोय, कारण त्या निर्णयात आम्ही काय मोजलं, काय मोजलं नाही, आणि कुठली गोष्ट मोजायची असते हेच आमच्या डोक्यात आलं नाही, हे सगळं ऑक्टोबरपर्यंत आकड्यांत दिसून आलं.

आधी लीगची रचना, कारण सगळा पेच नियमांतून येतो. बारा संघ, प्रत्येकाचे २३ खेळाडू. ही काही ड्रीम११ नाही, की आज संध्याकाळचा संघ लावला आणि उद्या विसरलो. इथे मार्चमध्ये ड्राफ्ट होतो, म्हणजे फेरीफेरीने प्रत्येक संघ एकेक खरा खेळाडू निवडतो, आणि सप्टेंबरअखेरपर्यंत तोच संघ सांभाळायचा. मोजणी जुन्या 'रोटिसरी' पद्धतीची, म्हणजे १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कच्या एका फ्रेंच रेस्टॉरंटच्या नावावरून सुरू केली ती. दहा रकाने असतात, पाच बॅटरांचे आणि पाच पिचरांचे. पिचरांचे पाच म्हणजे विजय, सेव्ह (शेवटी येऊन राखलेली आघाडी), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा) आणि व्हिप (दर इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक). प्रत्येक रकान्यात पहिल्याला बारा गुण, शेवटच्याला एक.

आणि कीपर. मागच्या वर्षीच्या संघातले तीन खेळाडू ठेवता येतात, त्यांत पिचर जास्तीत जास्त एक. किंमत ठरते ती मागच्या वर्षी तुम्ही त्याला कितव्या फेरीत घेतलंत त्यावरून, आणि दरवर्षी ती दोन फेऱ्यांनी महाग होते. ड्राफ्टमध्ये न घेतलेला, मोकळ्या यादीतून उचललेला खेळाडू असेल तर सरसकट अठरावी फेरी. एकाच खेळाडूला तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

आयपीएल बघणाऱ्याला हे चटकन कळेल. २०२५ च्या आयपीएलसाठी मुंबईने बुमराला १८ कोटींना ठेवला. तो तेवढ्या किमतीचा आहेच, त्यात चतुराई नाही. चेन्नईने धोनीला मात्र ४ कोटींत ठेवला, कारण पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू 'अनकॅप्ड' धरायचा असा नियम होता. तिथे किंमत बाजाराने ठरवली नव्हती, नियमाने ठरवली होती. कीपर लीगचा सगळा खेळ या दोन किमतींमधल्या फटीत असतो.

भाच्याचे दोन बॅटर ठरलेले होते: सिनसिनाटीचा एली दे ला क्रूझ, ज्याने २०२४ मध्ये ६७ बेस चोरले, आणि सॅन डिएगोचा जॅक्सन मेरिल, जो शेवटच्या फेऱ्यांत मिळाला होता. तिथे चर्चाच नव्हती. पेच होता पिचरचा.

स्कीन्स. २०२३ च्या मेजर लीग ड्राफ्टमधला पहिला खेळाडू, पिट्सबर्ग पायरेट्सचा. ११ मे २०२४ ला पदार्पण आणि जुलैत थेट ऑल-स्टार सामन्यात नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) सुरुवातीचा पिचर. २३ सामने, १३३ इनिंग, १७० स्ट्राइकआउट, ईआरए १.९६, विजय ११, पराभव ३. वर्षाचा सर्वोत्तम नवखेळाडू. भाच्याने त्याला पदार्पणाच्याही आधी, मार्च २०२४ मध्ये, चौदाव्या फेरीत उचलून बाकावर बसवून ठेवलं होतं. म्हणजे आता किंमत बारावी फेरी.

क्रोशे. शिकागो व्हाइट सॉक्सने २०२० साली घेतलेला, २०२२ मध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झालेला, तोवर फक्त राखीव पिचर. २०२४ मध्ये त्याला पहिल्यांदा सुरुवातीचा पिचर केलं. १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट, ईआरए ३.५८, विजय ६, पराभव १२. हे सहा-बारा बघून घाबरायचं कारण नव्हतं. त्या वर्षी व्हाइट सॉक्सने १२१ सामने गमावले होते, आधुनिक काळातला विक्रम. शिवाय २०२३ मध्ये क्रोशेने मोठ्या लीगमध्ये १३ इनिंगसुद्धा टाकल्या नव्हत्या, म्हणून क्लबने त्याचा हात जपायला उन्हाळ्याच्या उत्तरार्धात त्याला चार इनिंगच्या आसपास उतरवायला सुरुवात केली. सुरुवातीच्या पिचरला विजय मिळायला किमान पाच इनिंग टाकाव्या लागतात. चारवर उतरलात की विजयाचा प्रश्नच मिटला. डिसेंबर २०२४ मध्ये चार तरुण खेळाडूंच्या बदल्यात तो बॉस्टन रेड सॉक्सकडे गेला. भाच्याने त्याला एप्रिलमध्ये मोकळ्या यादीतून उचललेला. किंमत अठरावी फेरी.

सेल. २०२४ चा नॅशनल लीगचा साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विजेता: १८ विजय, ३ पराभव, ईआरए २.३८, २२५ स्ट्राइकआउट, या तिन्हींत लीगमध्ये पहिला. नववीत घेतलेला, म्हणून किंमत सातवी फेरी. वय दोन आठवड्यांत ३६ होणार. याच माणसाने २०२२ मध्ये एकाच वर्षात बरगडी, मग चेंडू लागून बोट, मग सायकलवरून पडून मनगट, असं तीनदा मोडून घेतलं होतं. (२०१६ मध्ये नको असलेल्या जुन्या पद्धतीच्या जर्सी यानेच कापून टाकल्या होत्या. मला तो मनापासून आवडतो.) पण बाजारात तो चौथ्या फेरीत जाणार आणि आपल्याला सातवी द्यावी लागणार. तीन फेऱ्यांच्या नफ्यासाठी पिचरची एकमेव जागा घालवायची नसते. सेल दहा मिनिटांत बाद.

उरले दोघे. भाच्याने रकाना केला: बाजारभाव आणि आपली किंमत यांतला फरक. स्कीन्स दुसऱ्या फेरीचा माल, बाराव्यात मिळतोय: फरक दहा. क्रोशे तिसऱ्या फेरीचा, अठराव्यात मिळतोय: फरक पंधरा. "मामा, मग क्रोशेच ना?"

इथे मी त्याला थांबवलं, आणि गंमत म्हणजे मी स्वतः क्रोशेच्याच बाजूचा होतो. पण कारण ते नव्हे. फेऱ्या म्हणजे सारख्या उंचीच्या पायऱ्या नसतात. हापूसच्या पेटीत पहिल्या आणि दुसऱ्या थरात जेवढा फरक असतो, तेवढा तळाच्या दोन थरांत नसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतल्या पिचरमध्ये खरं अंतर असतं. बाराव्या आणि अठराव्या फेरीत? बाराव्यात साधारण १३३ ते १४४ क्रमांकाचा खेळाडू मिळतो, म्हणजे चौथा आउटफिल्डर किंवा बरा क्लोझर (शेवटची इनिंग टाकणारा पिचर). अठराव्यात २०५ ते २१६, म्हणजे ज्याला मे महिन्यात बहुधा सोडून देणार तो. ते सहा फेऱ्यांचं अंतर कागदावर मोठं दिसतं, हातात फारसं काही येत नाही. दहा विरुद्ध पंधरा ही वजाबाकीच चुकीची होती.

बरोबर प्रश्न असा: बाराव्या फेरीतला तो चौथा आउटफिल्डर सोडण्याइतका स्कीन्स क्रोशेपेक्षा चांगला आहे का?

भाचा म्हणाला, आहे. स्कीन्सच्या हातावर कधी शस्त्रक्रिया झालेली नाही, क्रोशेची झालीय. मी म्हटलं, हे मान्य, पण त्याच आठवड्यात काय झालं बघ. ११ मार्चला यांकीजच्या गेरिट कोलवर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली होती. २०२३ चा साय यंग विजेता, संपूर्ण मोसम गेला. आदल्या वर्षी त्यांच्याच लीगमधल्या एकाने अटलांटाच्या स्पेन्सर स्ट्रायडरला ठेवलं होतं, २०२३ मध्ये २८१ स्ट्राइकआउट घेणाऱ्याला. २०२४ मध्ये त्याला मिळाले फक्त दोन सामने, नऊ इनिंग. डिसेंबरमध्ये मेजर लीगने पिचरांच्या दुखापतींवर जो अहवाल काढला, त्यातही बोट वेगाकडे आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याकडे होतं. स्कीन्सचा फास्टबॉल सरासरी ९८-९९ मैलांचा. कोपराची हमी दोघांचीही कुणी देणार नव्हतं. तो मुद्दा मी बरोबरीत काढला.

माझा मुद्दा विजयांचा होता. विजय हा सगळ्यात वाह्यात रकाना, पण गुण इतर रकान्यांइतकेच देतो. पिचरला विजय मिळतो तो त्याच्या बॅटरांनी धावा केल्या तर. पायरेट्सकडे बॅटर नव्हते. २०२४ मध्येही ते ८६ सामने हरले होते. बॉस्टनकडे होते. "अरे, पण तो अकरा-तीन होता ना," भाचा म्हणाला. अकरा-तीन हा आकडा मला तेव्हाही उधारीचा वाटत होता. ती उधारी एका वर्षात इतकी कडक वसूल होईल असं मात्र वाटलं नव्हतं. मी म्हटलं, तीन-चार विजयांचा फरक पडेल. त्यावर तो म्हणाला, "तीन-चार विजयांसाठी मी जगातला सगळ्यात चांगला तरुण पिचर सोडू?" तसं म्हटलं तर माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

मध्येच त्याच्या फोनवर मेसेज आल्याचं मला आठवतं. आदल्या दिवसापासूनचं संभाषण होतं, कोल ज्याच्याकडे होता त्याचं. भाच्याने वाचलं, "हा आता कशाला" म्हणाला आणि फोन उलटा ठेवला. त्याकडे मी परत येईन.

रात्री पावणेबाराला त्याने स्कीन्सचं नाव पाठवलं.

ड्राफ्ट २३ मार्चला झाला. क्रोशे दुसऱ्याच फेरीत गेला, सेल तिसऱ्यात. आठवडाभराने बॉस्टनने क्रोशेशी सहा वर्षांचा १७० मिलियन डॉलरचा करार केला, आणि भाच्याचं तोंड पहिल्यांदा उतरलं.

१८ मेचा रविवार मात्र स्पष्ट आठवतो. फिलाडेल्फियात सामना होता, आम्ही टीव्हीवर बघत होतो. स्कीन्सने एकट्याने आख्खा सामना टाकला, आठ इनिंग. (बाहेरचा संघ मागे असेल तर यजमानांना नववी इनिंग खेळावीच लागत नाही, म्हणून आठ.) दिली एक धाव. पायरेट्सनी केली शून्य. त्याच्या कारकिर्दीतला पहिला पूर्ण सामना आणि निकाल १–० पराभव. भाचा काही बोलला नाही, फक्त लीगचं पान उघडून विजयांचा रकाना बघितला आणि बंद केलं. ईआरए किंचित सुधारला होता. विजय जिथे होते तिथेच.

पुढे सगळं त्याच चालीवर चाललं. २०२५ मध्ये पायरेट्सनी तीसही संघांत सर्वांत कमी धावा केल्या. जूनमध्ये सेल मेट्सविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये चेंडू अडवायला झेपावला आणि बरगड्या मोडून घेतल्या. ऑगस्टच्या शेवटापर्यंत बाहेर. तेवढा एक निर्णय तरी निर्विवाद बरोबर ठरला.

मोसम संपल्यावरचे आकडे. स्कीन्स: १८७⅔ इनिंग, १० विजय, १० पराभव, २१६ स्ट्राइकआउट, ईआरए १.९७, व्हिप ०.९५. क्रोशे: २०५⅓ इनिंग, १८ विजय, ५ पराभव, २५५ स्ट्राइकआउट, ईआरए २.५९, व्हिप १.०३. साय यंग स्कीन्सला मिळाला, एकमताने. क्रोशे अमेरिकन लीगमध्ये दुसरा आला, कारण तिथे टारिक स्कूबल होता. (आमची लीग जिंकणाऱ्याकडेही तोच होता.)

म्हणजे चांगला पिचर कोण, यावर भाचा बरोबर होता. आता तेच आकडे लीगच्या रकान्यांतून घालवून बघू.

एका संघाच्या वर्षभरात साधारण १३०० इनिंग होतात. आमच्यासारख्या लीगमधला सामान्य पिचर ३.८० चा ईआरए देतो असं धरा. त्या मानाने स्कीन्सने १८७⅔ इनिंगमध्ये सुमारे ३८ धावा वाचवल्या. क्रोशेचा ईआरए जास्त, पण इनिंगही जास्त, म्हणून त्याने सुमारे २७-२८ वाचवल्या. फरक दहा-अकरा धावांचा. तो १३०० इनिंगवर पसरला की संघाच्या ईआरएत पडतो फक्त ०.०७ चा फरक. भाच्याचा संघ ३.४१ वर दुसरा होता, त्याच्या खालचा ३.५२ वर. क्रोशे असता तर ३.४८ झाला असता. तरीही दुसराच. व्हिपमध्येही अंतर शंभराव्या भागाच्या आसपास, जागा बदलली नसती.

१.९७ आणि २.५९ यांत डोळ्याला दिसणारं अंतर केवढं आहे! साय यंगच्या मतदानात तेच बोलतं. पण सरासरीचा आकडा संघात मिसळला की मिठासारखा विरघळतो. मोजदादीचा आकडा विरघळत नाही. आठ विजय म्हणजे आठ विजय, ते जसेच्या तसे बेरजेत पडतात. भाच्याचा संघ विजयांत ७४ वर सातवा होता. त्याच्या वर ७७, ७९ आणि ८१ वर तीन संघ. ७४ मध्ये आठ मिळवा: ८२, चौथा. तीन गुण. ३९ स्ट्राइकआउटने आणखी एक जागा, म्हणजे एक गुण. एकूण चार. तो लीगमध्ये चौथा आला, तिसऱ्यापेक्षा साडेतीन गुणांनी मागे.

हे सगळं मार्चमध्ये दिसत होतं का? पद्धत दिसू शकत होती. सरासरीचे रकाने विरघळतात आणि मोजदादीचे नाही, हे गणित ऑक्टोबरची वाट न बघता करता आलं असतं, आणि मी ते केलं नाही. नुसतं 'विजय महत्त्वाचे' म्हणत बसलो. आठ विजयांचं अंतर मात्र कुणालाच दिसलं नसतं. माझ्या तीन-चारच्या अंदाजाने हिशोब केला असता तर फरक एक-दोन गुणांचा, आणि त्यासमोर स्कीन्सचं वय आणि पुढची दोन वर्षं ठेवली तर भाच्याची निवड पूर्ण वाजवी होती. क्रोशेचा हात एप्रिलमध्ये गेला असता तर हाच लेख मी उलट्या सुरात लिहिला असता. वर्षभर भाचा ज्या निर्णयावरून स्वतःला कोसत होता, तो माझ्या मते चूक नव्हताच.

चूक फोन उलटा ठेवण्यात होती.

ऑक्टोबरमध्ये एकदा तो जेवायला आला तेव्हा मी त्याला तो मेसेज शोधायला लावला. १४ मार्च, दुपारी पावणेचार. कोलवाल्याने लिहिलं होतं, की माझा पिचर गेला, ठेवायला कुणी नाही. तुला एकच ठेवता येणार आहे. स्कीन्स किंवा क्रोशे, जो नको असेल तो मला दे. माझी पाचवी फेरी घे, तुझी पंधरावी मला दे. त्यांच्या लीगमध्ये खेळाडूबरोबर किंमतही जाते, म्हणजे त्याला क्रोशे अठराव्या फेरीतच ठेवता आला असता. त्याला ते सोन्यासारखं होतं, म्हणूनच तो पाचवी द्यायला तयार होता. शनिवारी पुन्हा विचारलं: "ठरलं का?" त्यावर उत्तर नाही.

"का नाही दिलंस उत्तर?"

"माझं ठरलंच नव्हतं ना मामा, कोण ठेवायचा ते. क्रोशेच ठेवला असता तर?"

"तर स्कीन्स त्याला दिला असतास. त्याने दोघांपैकी कोणीही चालेल असंच लिहिलंय."

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. त्याच्याकडे बाराव्या फेरीतला स्कीन्स आणि अठराव्या फेरीतला क्रोशे, अशा दोन फटी होत्या. एक त्याला स्वतःला वापरता येत होती. दुसरी फक्त विकता येत होती, तीही मध्यरात्रीपर्यंतच; बारा वाजून एक मिनिटाने तिची किंमत शून्य. कोणती ठेवायची यावर आम्ही तीन आठवडे घालवले, तीन तास तर पुरणपोळ्यांसकट. जी सोडायची तिचं काय, यावर पाच मिनिटंही नाहीत. आणि मी काही शहाणा ठरत नाही, मेसेज आला तेव्हा समोरच बसलो होतो, "कोण आहे?" असं विचारलंसुद्धा नाही.

त्या पाचव्या फेरीत कोलवाल्याने टँपा बेचा ज्युनियर कॅमिनेरो घेतला. ४५ होमरन, ११० आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेल्या धावा).

स्कीन्सची पुढच्या वर्षीची किंमत दहावी फेरी. भाच्याने लीगच्या नियमांचं पान छापून फ्रीजवर लावलंय, आणि त्यावर पेनने कोलवाल्याचा फोन नंबर लिहिलाय. आई विचारते, क्रोशाचं काय झालं. तिला सांगितलं, दुसऱ्या घरी दिला. "फुकट?" ती म्हणाली.